साष्टी बेटावरची करवंदीची जाळी

दूरच्या वस्तूचें कौतुक करावें आणि दाराशीं असलेल्या वस्तूकडे पाठ फिरवावी, हा मनुष्यमात्राचा स्वभावच आहे. आम्ही त्याला अपवाद नाहीं. या स्वभावापायीं आमच्या हातून एक चूक घडली. तिची हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे. चूक एका झुडपाच्या बाबतींतली आहे, तेव्हां कोणी ती क्षुल्लक म्हणेल. म्हणोत बापडे! परंतु त्या झुडपाची खरी किंमत आम्हांस कळली ती हजारों कोसांवरच्या दुसऱ्या एका झुडपाची माहिती वाचल्यावर. म्हणून आधीं तिकडे जाऊन मग घरीं परत येऊं.

न्यूझीलंडच्या उत्तर टोंकापासून वायव्येस सुमारें ५५ किलोमीटरांवर खडकाळ बेटांचा एक लहानसा पुंजका आहे. तास्मान नांवाचा डच दर्यावर्दी १६४३ च्या जानेवारींत तेथें येऊन पोंचला, तेव्हां ख्रिस्ती लोकांचा ‘तीन राजांचा’ सण आला होता. म्हणून त्यानें त्यांस ‘तीन राजांचीं बेटें’ असें नांव दिलें. आज तेथें मनुष्यवस्ती नाहीं. १९०२ च्या नोव्हेंबरांत ‘एलिंगमाइट’ नांवाची आगबोट पश्चिमेकडील बेटावर आपटून फुटली आणि ४५ माणसें प्राणांस मुकलीं. पुढें १९५० सालीं त्याच बेटावर मेजर जॉन्सन या गृहस्थांस एक अपरिचित झुडूप आढळलें. तें बारमाही हिरवें, जाड चकचकीत पानांचें आणि तांबड्या फळांचे घोस धरणारें होतें. कुळ पाहूं जातां तें आपल्या वावडिंगाच्या कुळांतलें. दुसऱ्याच वर्षीं बेलिस या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याचें नामकरण केलें तें फुटलेल्या आगबोटीच्या आणि शोधकाच्या नांवावरून: ‘एलिंगमिटा जॉन्सोनी’. त्या बेटांबाहेर जगाच्या पाठीवर तें कोठेंही आपोआप उगवत नाहीं.

याच बेटांपैकीं सर्वांत मोठ्या बेटाची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे. १८८९ सालीं तेथें चार शेळ्या सोडण्यांत आल्या. चारांच्या शेंकडों झाल्या आणि त्यांनीं बेटावरचा पाला ओरबाडून खाल्ला. १९४५ सालीं बेलिस तेथें गेले तेव्हां एका जातीच्या वृक्षाचें एकच झाड त्यांस सांपडलें. साऱ्या जगांत एक! दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १९४६ सालीं, शेळ्यांचा नायनाट करण्यांत आला. त्या एकुलत्या एका झाडाच्या फांद्यांपासून रोपें करून ती जात वांचविण्यांत आली, आणि आज न्यूझीलंडमधील बागांतून ही दोन्ही झाडें लोक हौसेनें लावतात.

ही माहिती आम्हीं एका संध्याकाळीं घरांत मोठ्यानें वाचून दाखविली. सर्वांनीं त्या शेळ्यांस मनसोक्त दूषणें दिलीं. तेवढ्यांत आमच्या वहिनी पोळ्या लाटतां लाटतां म्हणाल्या, “शेळ्यांना काय बोलतां? आपल्या जाळ्या कोणीं तोडल्या?” यावर कोणास उत्तर सुचलें नाहीं.

आपणही बेटावरच राहतों

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथें राहणाऱ्या किती जणांस आपण बेटावर राहतों याची जाणीव असते? उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र, यांच्या मध्यें पसरलेलें हें साष्टी बेट होय. मुंबईचीं जुनीं सात बेटें याच्या दक्षिणेस. चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेतलें, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें बेट त्यांच्याकडे कायम झालें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी याच बेटावरून धांवली. १९५० व १९५७ सालीं उपनगरें महापालिकेच्या हद्दींत आलीं. बांध, पूल आणि आगगाड्या यांनीं बेट इतकें जखडून टाकलें कीं बेटपण विसरलें गेलें.

या बेटाच्या मध्यभागीं डोंगर आहेत. जुन्या लेखांतून त्यांस कृष्णगिरि म्हटलें आहे. ‘कान्हेरी’ हें त्याचेंच रूप. तेथील बौद्ध लेणीं सर्वश्रुत आहेत. विहार तलाव १८६० च्या सुमारास व तुळशी तलाव १८७९ सालीं याच डोंगरांच्या कुशींत बांधला गेला, आणि तलावांच्या पाण्यासाठीं राखलेल्या रानाचा आज सुमारें १०४ चौरस किलोमीटरांच्या राष्ट्रीय उद्यानांत समावेश आहे. त्या रानाच्या कडेकडेनें, मुरमाड उतारांवर, जेथें फूटभरही माती नाहीं अशा कातळांच्या फटींत, जें झुडूप पिढ्यान् पिढ्या उभें आहे तें करवंदीचें.

करवंदीस झुडूप म्हणावें कीं वेल म्हणावें असा प्रश्न पडावा, इतकी ती एकमेकींत गुंतते. म्हणूनच आपल्या भाषेंत तिला ‘जाळी’ म्हणतात. पानें समोरासमोर, जाड, वरून चकचकीत. उन्हाळ्यांत साग नि पळस उघडेबोडके होतात, डोंगर तपकिरी होतो, तेव्हांही करवंदीची जाळी हिरवीगार असते. कांटे कणखर, पुष्कळदां टोंकाशीं दुभंगलेले. पान तोडलें कीं पांढरा चीक येतो. कारण ती कण्हेर, तगर, सदाफुली यांच्या कुळांतली. फेब्रुवारी-मार्चपासून पांच पाकळ्यांचीं पांढरीं, सुवासिक, जाईजुईची आठवण करून देणारीं फुलें येतात. मग हिरवीं फळें, मग तांबूस आणि अखेर मे महिन्यांत काळींभोर. अमरकोशांत या झाडास ‘करमर्द’ आणि ‘कृष्णपाकफल’, म्हणजे पिकल्यावर काळें होणारें फळ, असें म्हटलें आहे. कृष्णगिरीवर कृष्णपाकफल असावें, हा योग कोणास गोड वाटणार नाहीं?

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांस मुंबई बेट राजाकडून खंडानें मिळालें होतें. त्यांनीं १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथांत वेलदोड्याच्या जोडीस करवंदासही जागा दिली आहे. पुढें लिनियसनें वनस्पतींचीं शास्त्रीय नांवें ठरवितांना या झाडास ‘कॅरिसा कॅरंडास’ असें नांव दिलें. त्यांतला ‘कॅरंडास’ म्हणजे आपलें करवंदच, फिरंगी पोशाख केलेलें. अशा रीतीनें आमच्या परसांतलें फळ युरोपच्या ग्रंथांत जाऊन बसलें, आणि आम्हीं मात्र तें परसांतून काढून टाकलें!

नकाशांत नसलेली जाळी

आतां ती हकीकत. मुलुंडास डोंगराच्या बाजूला आमचें जुनें बैठें घर होतें. मागच्या अंगणाच्या कडेला करवंदीच्या तीन जाळ्या होत्या. त्या कोणीं लावल्या हें कोणास ठाऊक नव्हतें; घर बांधलें तेव्हां त्या होत्याच, असें वडील सांगत. कुंपणाचा खर्च त्यांनीं वांचविला, एवढेंच त्यांचें कौतुक. बुलबुल दर वर्षीं त्यांत घरटें करीत. मांजरांस आंत शिरतां येत नसे, आणि आम्हां मुलांसही येत नसे. तरी आम्ही शिरत असूं, आणि सदरे फाटल्याबद्दल मार खात असूं.

मे महिन्यांत मामेभावंडें, आतेभावंडें जमलीं कीं दुपारीं एकच खेळ: ‘कोंबडा कीं कोंबडी?’ मुठींत करवंद धरून समोरच्यास विचारावयाचें. तें फोडावें, आंत लाल निघालें तर कोंबडा, पांढुरकें निघालें तर कोंबडी. हरणाऱ्यानें आपल्या वाट्यांतलीं पांच द्यावयाचीं. संध्याकाळीं साऱ्यांच्या जिभा जांभळ्या आणि ओंठ चिकानें चिकटलेले असत. आई प्रत्येकाचे ओंठ खोबरेल तेलानें पुशी, आणि मगच पानावर बसूं देई.

२०१२ सालीं घर पाडून तेथें इमारत बांधावयाचें ठरलें. घरांत माणसें वाढलीं होतीं, खोल्या पुरत नव्हत्या, छपर गळत होतें; निर्णय चुकीचा होता असें आजही आम्ही म्हणणार नाहीं. नकाशा आला. सर्वजण भोंवतीं बसलों. कोणीं खोल्या मोजल्या, कोणीं खिडक्या मोजल्या, मोटारी किती राहतील तेंही मोजलें. आईनें तो कागद दोनदां फिरवून पाहिला आणि विचारलें, “यांत जाळ्या कोठें आहेत?”

आम्ही हंसलों. थोरल्या बंधूंनीं तिची समजूत घातली, “आई, करवंदें काय, बाजारांत हवीं तेवढीं मिळतात.” ती कांहीं बोलली नाहीं. सह्या आम्हीं सर्वांनीं केल्या, तिनेंही केली. जाळ्यांसाठीं दोन हात जागा सोडा, एवढें सांगावयास कांहीं कठीण नव्हतें. कदाचित् तेवढी जागा मिळालीही असती. पण तें मागावें असें आमच्यांतील एकाही शिकल्यासवरलेल्या माणसास वाटलें नाहीं. दोष बांधणाऱ्याचा नव्हे, आमचा.

त्या उन्हाळ्यांत आईनें शेवटचीं करवंदें काढलीं. हिरव्यांचें लोणचें घातलें. पिकलेल्यांच्या बिया धुऊन, उन्हांत चांगल्या खडखडीत वाळवून, फडक्याच्या पुरचुंडींत बांधून डब्यांत ठेवल्या. अडीच वर्षांनीं आम्ही नव्या घरांत राहावयास आलों. पुढच्या जूनमध्यें तिनें गॅलरींत कुंडी मांडली आणि बिया पेरल्या. दिवाळीपर्यंत ती रोज त्या कुंडीस पाणी घालीत होती. कांहींच उगवलें नाहीं. “माती बरी नसेल,” एवढेंच ती म्हणाली. आज ती नाहीं. कुंडी आहे.

बोरिवलीच्या पुलावर

आई गेल्यावर दोन वर्षांनीं, मे महिन्याच्या अखेरीस, आम्ही व वहिनी कांहीं कामानिमित्त बोरिवलीस गेलों होतों. स्टेशनच्या पुलाखालीं एक आदिवासी बाई टोपलींत करवंदें घेऊन बसली होती. पळसाच्या पानांचे द्रोण करून तिनें वाटे लावले होते. वहिनींनीं विचारलें, “याच डोंगरांतलीं का हो बाई?”

“न्हाय ताई. लांबून आणतों. पहाटंच्या गाडीनं येतों.”

“मग येथल्या जाळ्या?”

“रानात हायत. तिथं हात लावू देत न्हायत. भाईर होत्या, त्या आता कुठं ऱ्हायल्या?”

तिचें म्हणणें खरें होतें. राष्ट्रीय उद्यानांतून कांहींही तोडून नेण्यास १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें प्रतिबंध आहे, आणि रान राखावयाचें तर तो असावयासच हवा. परंतु पूर्वीं रान आणि वस्ती यांच्या मध्यें एक पट्टा असे: बांध, टेकड्या, पडीक माळ, वाड्यांचीं कुंपणें. करवंदीची जाळी मुख्यतः त्या पट्ट्याचीच रहिवासी. तो पट्टाच नाहींसा झाला. त्यामुळें, जिच्या कित्येक पिढ्या या फळावर उन्हाळ्यांतले चार पैसे मिळवीत आल्या, त्या बाईस आज पहाटेच्या अंधारांत आगगाडीची गर्दी सोसून परगांवचीं करवंदें बोरिवलीच्या डोंगरापाशीं आणून विकावीं लागतात.

वहिनींनीं चार वाटे घेतले आणि सहज म्हणाल्या, “बिया लावून पाहतें, पण उगवत नाहींत मेल्या.” ती बाई म्हणाली, “वाळवत आसाल. वाळवू नका. खाल्लं की लगेच टाकायच्या, पाऊस लागायच्या आंत. पाखरू काय बी वाळवून ठेवतंय?”

जें आम्हां सुशिक्षितांस ठाऊक नव्हतें तें तिनें एका वाक्यांत सांगितलें. पुढें आम्हीं उद्यानविद्येच्या जाणकारांकडे चौकशी केली, तेव्हां त्यांनींही तेंच सांगितलें. गहूं-हरभऱ्याचें बीं वाळवून वर्षानुवर्षें राखतां येतें. करवंदाच्या बियांची उगवण्याची शक्ति मात्र थोडक्या काळांतच मावळते. निसर्गाची योजनाच तशी आहे. फळ पिकतें तें मे महिन्यांत; बुलबुल तें खातो, बीं दूरवर टाकतो; पंधरा-वीस दिवसांत, जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, मुंबईवर मृग कोसळतो. साठवणुकीची गरजच नाहीं, म्हणून साठण्याची शक्तिही नाहीं. आईची माती वाईट नव्हती. तिनें बिया फार काळजीनें जपल्या, तेंच त्यांस बाधलें.

दुर्मिळ कशास म्हणावें?

येथें एखादा चिकित्सक वाचक विचारील: “करवंद दुर्मिळ केव्हांपासून झालें? सह्याद्रींत गाडेभर पडलेलें असतें.” शंका रास्त आहे. तीन राजांच्या बेटांवरचें तें झुडूप आणि आमची करवंद यांत हा मोठाच भेद आहे. तें साऱ्या जगांत एका ठिकाणीं. ही हिमालयाच्या पायथ्यापासून कोंकण-मलबारपर्यंत भारतभर. महाबळेश्वराच्या वाटेवर, रत्नागिरीच्या सड्यावर, जव्हारच्या माळावर तिला आज तरी तोटा नाहीं. शास्त्रज्ञांच्या दुर्मिळांच्या यादींत तिचें नांव शोधणें व्यर्थ होय.

परंतु जी वस्तु जगांत विपुल आहे ती आपल्या गल्लींत दुर्मिळ असूं शकते, आणि घरच्या मुलांचें जग म्हणजे प्रथम त्यांची गल्लीच असते. आमच्या पुतणीच्या वाढदिवसास केक आला; त्यावर लालभडक ‘चेरी’ बसविलेली. लहान चिरंजीव म्हणाले, “ही विलायती चेरी.” आत्याबाईंनीं ती हातांत घेऊन, दाबून, चाखून पाहिली, आणि म्हणाल्या, “अरे, हें तर करवंद!” आणि खरेंच तें करवंद होतें. कच्च्या करवंदांतल्या बिया काढून, लाल रंग देऊन, साखरेच्या पाकांत मुरवून त्यांची ‘चेरी’ करतात. मिठाईंत, केकांत आणि विड्यांत जी स्वस्त चेरी आढळते ती पुष्कळदां हीच असते. म्हणजे आमचीं मुलें करवंद खातात. फक्त त्यांस तें ठाऊक नसतें. ज्या फळास घरांत नांव उरलें नाहीं तें घरास नाहींसें झालें, असेंच म्हटलें पाहिजे.

जाळीचें दुसरें दुर्दैव असें कीं तिच्यासाठीं कोणी हळहळत नाहीं. मोठा वृक्ष तुटला तर निदान लोकांस दिसतो. आरे वसाहतींत २०१९ च्या ऑक्टोबरांत मेट्रोच्या कारशेडसाठीं दोन हजारांहून अधिक झाडें तोडलीं गेलीं, तेव्हां शहरभर खळबळ उडाली आणि सर्वोच्च न्यायालयास पुढील तोड थांबवावी लागली. त्यानंतर २०२०-२१ सालीं राज्य सरकारनें तेथील ८०० एकरांहून अधिक जमीन राखीव वन ठरविली. वृक्षास क्रमांक घालतां येतो. जाळीस क्रमांक कोठें घालावा? ती ‘झाडोरा’ म्हणून साफ होते, आणि जागा साफ केल्याचें समाधानच वाटतें.

आणि तिच्याबरोबर काय काय जातें तें पाहावें. बुलबुलाचें घरटें जातें. तिच्या कांट्यांच्या आडोशानें गुरांच्या तोंडापासून वांचणारीं इतर झाडांचीं रोपें जातात. म्हणजे उद्यांचे वृक्षही जातात. उतारावरची माती धरून ठेवणारीं मुळें जातात. त्या बाईची उन्हाळ्याची मिळकत जाते. आणि ‘डोंगरची काळी मैना’ ही आरोळी ज्या आळींत एकदां येत असे, तेथें ती पुन्हां ऐकूं येत नाहीं.

स्वयंपाकघरांत

फळास घरांत पुन्हां नांव मिळवून द्यावयाचें तर सुरुवात स्वयंपाकघरापासून व्हावी, हें आमच्या वाचकभगिनींस वेगळें सांगावयास नको. एप्रिलमध्यें कोंवळीं हिरवीं करवंदें मिळतात. तीं प्रथम मिठाच्या पाण्यांत चोळून दोनतीनदां धुवावीं, म्हणजे चीक निघून जातो. मग प्रत्येकाचे दोन भाग करून, बिया काढून, मीठ लावून एक दिवस ठेवावीं. सुटलेलें पाणी निथळून मोहरीची पूड, तळलेल्या मेथीची पूड, हळद, हिंग व तिखट कालवावें, आणि तेलाची फोडणी पूर्ण निववून वर ओतावी. कैरीच्या लोणच्यापूर्वीं हें तयार होतें आणि भाकरीशीं त्याहून सरस लागतें. घाईच्या दिवशीं चारदोन करवंदें, ओलें खोबरें, हिरवी मिरची, मीठ व गुळाचा खडा एकत्र वाटले तरी चटणी होते.

अर्धवट पिकलेल्या, तांबूस करवंदांत पेक्टिन नांवाचें द्रव्य भरपूर असतें. त्यामुळें त्यांचा रस साखरेबरोबर आटविला असतां जेली उत्तम धरते आणि तिचा रंग माणकासारखा येतो. पूर्ण पिकलीं तीं मात्र तशींच खावीं. पण आधीं ‘कोंबडा कीं कोंबडी’ विचारून!

दोन हात जागा

आतां शेवटची गोष्ट. बोरिवलीहून आणलेल्या त्या चार वाट्यांतल्या बिया आम्हीं त्याच रात्रीं गर धुऊन, एक रात्र सावलींत निथळत ठेवून, दुसऱ्या सकाळीं आईच्या जुन्या कुंडींत अर्धा इंच खोल पेरल्या. तीन आठवडे लोटले. पाऊस लागला होता. एके सकाळीं पुतणी ओरडत आली, “काकू, आजीची कुंडी उगवली!” सारें घर गॅलरींत जमलें. नऊ रोपें होतीं. थोरले बंधू तीं पाहत उभे राहिले, आणि कांहीं न बोलतां आंत गेले.

त्यांतलीं दोन रोपें मोठ्या कुंड्यांत वाढत आहेत. पांच आम्हीं इमारतीच्या भिंतीलगत लावलीं. त्यासाठीं मात्र सोसायटीच्या सभेंत अर्धा तास वाद झाला. कांट्यांची भीति खरी आहे. म्हणून लहान मुलांच्या खेळण्याची बाजू सोडून मागची भिंत निवडली, आणि छाटणीची जबाबदारी लेखी पत्करली. मोटारीची एक जागा दोन हातांनीं आंखूड झाली. उरलेलीं दोन रोपें शेजाऱ्यांनीं मागून नेलीं.

ज्यांस असें करावयाचें आहे त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें. राष्ट्रीय उद्यानांतून रोप किंवा फळ आणूं नये. तो गुन्हाही आहे आणि त्या रानावर अन्यायही. फळें त्या टोपलीवाल्या बाईकडूनच घ्यावींत, आणि भावांत घासाघीस करूं नये. कारण फळाबरोबर तिचें ज्ञानही आपण घेत असतों. बिया पावसाच्या आरंभींच, ताज्या, पेराव्या. पहिलीं एकदोन वर्षें रोप सावकाश वाढतें, त्यांत धीर सोडूं नये. ऊन भरपूर असावें, पाणी साचूं देऊं नये. मातीचे लाड करण्याची गरज नाहीं, ती कातळावर वाढणारी जात आहे. कुंपण करावयाचें तर दोन दोन हातांवर रोपें लावावीं व दर वर्षीं फळें संपल्यावर छाटावीं. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फुलें दिसूं लागतात.

तीन राजांच्या बेटावर एक झाड उरलें होतें तेव्हां माणसें जागीं झालीं, आणि एका झाडापासून त्यांनीं जात वांचविली. आपल्यावर ती पाळी आलेली नाहीं. आपल्या बेटावर करवंद अद्याप डोंगराच्या आंत सुखरूप आहे; फक्त ती आपल्यापासून तुटली आहे. तिला परत दाराशीं आणावयास शास्त्रज्ञ लागत नाहींत, मोहीम लागत नाहीं. मे महिन्यांतला एक द्रोण आणि दोन हात जागा पुरते.

यंदा भिंतीलगतच्या एका जाळीस प्रथमच फुलें आलीं. फळें मोजून सतरा धरलीं. त्यांतलीं सहा बुलबुलांनीं नेलीं. त्यांचा तो हक्कच आहे. उरलेल्यांत कोंबडे सहा निघाले आणि कोंबड्या पांच. बिया सर्व पुन्हां पेरल्या आहेत.